कच्चा लिंबू

समर्थ मंदिराच्या चौकात, पावणेसहाला,
तीन माकडटोप्या, एक स्कार्फ
(टोपीवर हेल्मेट बसत नाही, हा वाद दर रविवारी नव्यानं)
आणि मी. वय सत्तावन्न.
या टोळीत सगळ्यांत लहान,
म्हणून कच्चा लिंबू.
जिंकलो तरी धरत नाहीत, हरलो तरी.

सुटण्याआधी दुखणी मांडायची, अशी इथली रीत.
आतारचाचा गुडघा काढतात.
फाळके न झालेली झोप काढतात,
"कोरेगावला लग्न होतं हो, जिलबी जरा..."
बाबरबाई, जन्मभर पीटी शिकवलेल्या,
नुसता कंबरेवर हात ठेवून आभाळाकडं बघतात.
तेवढं पुरतं.
सपकाळसाहेब पाटबंधारे खात्यातले,
त्यांचं सगळं लेखी: बीपीची चिठ्ठी, तारखेसह.
ज्याचं दुखणं मोठं
तोच आज घाटात घाम फोडणार,
हे पोवई नाक्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक.

साहेबांनी परवा सीटखालचा दांडा कार्बनचा बसवला.
दीडशे ग्रॅम वाचले, अकरा हजार गेले.
डॉक्टर तर नऊ किलो फुकटात उतरवा म्हणत होते.
"त्यांना सायकलीतलं काय कळतंय," साहेब म्हणतात.

मग यवतेश्वरचा घाट.
पहिल्या वळणापर्यंत जावयांच्या तक्रारी,
दुसऱ्यावर वाक्यं अर्धी,
तिसऱ्यावर नुसतं हं,
पुढं फक्त साखळ्या बोलतात.
बामणोलीची एस्टी घासून जाते,
कंडक्टर दारातून ओरडतो,
"चाचा, पंच्याहत्तरी झालीया न्हवं, फुकट हाय, या की वर!"
चाचा हात उंचावतात.
त्यातली किती बोटं मिटलेली, ते अंधारात दिसत नाही.
बाबरबाई मागून येतात,
"लिंबू, पाठ सरळ!" म्हणून पुढं निघून जातात.
कंबर चौकातच राहिलेली.

आता नियम.
वरच्या टपरीपुढचा पांढरा दगड ही शेवटची रेघ,
आणि पहिला येईल त्यानं सगळ्यांची मिसळ द्यायची.
फाळक्यांनी केला हा नियम, जिंकणं स्वस्त होऊ नये म्हणून.
त्यामुळं जीव तोडून घाट चढलेली माणसं
दगडापासून दहा हातांवर
एकदम शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकल होतात.
हँडल इकडं, हँडल तिकडं.
"व्हा पुढं." "छे, आधी वयाचा मान."
"पाय टेकला!" "बोट टेकलं, पाय नाही."
रिकाम्या किटल्या खडखडवत एक दूधवाला पोरगा
आमच्यातून वाट काढून गेला,
एकदाच वळून बघितलं त्यानं,
हल्ली घरातले बघतात तसं.

आणि तेवढ्यात साहेब.
नवे बूट, पॅडलला खटकन बसणारे,
खटकन न सुटणारे.
डावीकडं कलले,
खात्यातली फाइल सरकते तसे, अगदी सावकाश,
आणि सायकलीसकट आडवे.
पुढचं चाक दगडापलीकडं, अजून फिरतंय.

"लागलं का हो?"
जमिनीवरून उत्तर, "कुठं? दांड्याला?"
बाबरबाईंच्या गळ्यात अजून शिट्टी असते.
ती वाजली.
"विजयी, सपकाळ!"
"हरकत आहे! चाक गेलंय, मी अलीकडंच आहे!"
खटला दुसरा पाव येईपर्यंत चालला.
तर्री तिसऱ्यांदा मागवली गेली, ती मात्र एकमतानं.
पैसे साहेबांनीच दिले, वर
बिलाची पावती मागितली.

उतारावर कुणी शर्यत लावत नाही.
ब्रेक धरून बोटं बधिर,
अजिंक्यताऱ्यावर ऊन आलेलं,
खाली गावातून धूर आणि भोंगे.
फाळके मधल्या वळणावर थांबून मागचे मोजतात.
पाच झाल्याशिवाय हलत नाहीत.
इथं मला धरतात.

चौकात पोचेपर्यंत माझं ठरलं होतं:
पुढच्या रविवारी माझा गुडघा दुखणार.
डावा.
शनिवारपासूनच.